ठोकळ्याच्या नावावरचा फोटो

४ फेब्रुवारी

आज ठोकळ्याच्या उजव्या खुब्याचा एक्स-रे काढला. रीतसर काढला. त्याला रांगेत बसवलं, डॉक्टरांची चिठ्ठी घेतली आणि नियमाप्रमाणे नाव-वय दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारल्यावर तो म्हणाला, "ताई, माझं वय तुला माहीत नाही? मी झालो तेव्हा बहीण हवी होती म्हणून तूच भोकाड पसरलं होतंस ना?" शेजारच्या टेबलावरची सहकारी हसली. खात्यात माझ्यामागे मला नियमबाई म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि त्याचं वाईटही वाटत नाही. एकवीस वर्षं मी माणसांची हाडं टिपते आहे. त्यात माझा एक तरी फोटो चुकीच्या माणसाच्या नावावर गेला असेल तर दाखवावा.

ठोकळा म्हणजे माझा धाकटा भाऊ. अडतीस वर्षांचा आहे. उंच इमारतींच्या बांधकामावर क्रेन चालवतो. रोज सकाळी शिडीने वर चढायचं, काचेच्या खोक्यात बसायचं आणि संध्याकाळी उतरायचं. दिवसभर जागचा हलत नाही म्हणून त्याला ठोकळा म्हणतात, असं सगळे समजतात. दोन महिन्यांपासून चढताना त्याचं जांघेत दुखतं आहे. भावजय मागे लागली म्हणून आला.

फोटो पडद्यावर आला. मांडीच्या हाडाची मान, म्हणजे खुब्याच्या गोळ्याखालचा भाग. तिथे हाडाची नेहमीची जाळी दिसली नाही. त्या जागी दुधी काचेसारखा सपाट, धुरकट डाग होता. आम्ही फोटो काढतो, निदान करत नाही. शिकाऊ मुलींना मी हेच सांगते. तरी मी गरजेपेक्षा मिनिटभर जास्त पाहत राहिले.

तो कपडे घालून बाहेर आला. "तुझं तोंड बघून कळलं," म्हणाला, "फोटो सुरेख आलाय."

५ फेब्रुवारी

आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडम कमी बोलतात. त्यांना बोलावून फोटो दाखवला तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढून घेतली. म्हणाल्या, फायब्रस डिसप्लेशिया वाटतो. जिथे हाड तयार व्हायचं तिथे तंतूच राहून जातात. कॅन्सर नव्हे. माणूस जन्मभर ते घेऊन हिंडतो आणि पुष्कळदा त्याला कळतही नाही. हात लावायचा नाही, नुसती नजर ठेवायची. पण याला दुखतं आहे आणि कडेचं हाड पातळ झालेलं आहे. म्हणून त्यांनी विचारलं, "जुना फोटो आहे का? कधीचाही, कसाही चालेल. तेव्हाही डाग एवढाच असेल तर विषय संपला. सहा आठवडे शिडी बंद, आणि सहा महिन्यांनी परत फोटो."

मी संगणकावर त्याचं नाव शोधलं. कालचा एकच फोटो निघाला. मी नाही म्हणून सांगितलं. नोंदीप्रमाणे ते खरंच आहे.

६ फेब्रुवारी

कालचं वाचलं. 'नोंदीप्रमाणे' हा शब्द मी का घातला? रोजनिशीत स्वतःशी पळवाटा काढायच्या तर लिहायचंच कशाला?

जुना फोटो आहे.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. पुढच्या सोमवारी तो क्रेनवर रुजू होणार होता आणि त्याआधी सायकलवरून पडला. खुबा दुखत होता. त्याचं लग्न व्हायचं होतं, घरी मी एकटीच होते. त्याला खात्यात आणलं. दुपारच्या सुट्टीत एक्स-रेची खोली रिकामी होती. चिठ्ठी आणायची म्हणजे अर्धा दिवस मोडणार होता. रोज सकाळी यंत्र तपासायला आम्ही त्याखाली विटेएवढा प्लास्टिकचा ठोकळा ठेवून एक फोटो काढतो आणि तो 'ठोकळा' याच नावाने साठवतो. मी भावाला टेबलावर झोपवलं आणि म्हटलं, "हलू नकोस. आज तुझं नाव ठोकळा." फोटोत मी मोडल्याची रेघ शोधली. ती नव्हती. "काही नाही झालेलं, जा," म्हणाले.

त्याला त्या नावाची इतकी गंमत वाटली की तो स्वतःलाच ठोकळा म्हणवून घ्यायला लागला. चिठ्ठीखाली, फोनवर, सगळीकडे ठोकळा. मग घरचेही म्हणू लागले आणि कामावरचेही. ते नाव कुठून आलं हे आम्हा दोघांनाच माहीत.

गेल्या वर्षी आमच्या एका सहकाऱ्याला चिठ्ठीविना शेजाऱ्याचा फोटो काढला म्हणून कामावरून काढलं. त्या चौकशीत माझी साक्ष झाली होती. नियम काय आहे असं विचारलं होतं, मी नियम सांगितला. दुसरं काय सांगणार होते?

९ फेब्रुवारी

शोधला. सापडला. रांगेने सगळे करडे ठोकळे, एकसारखे, आणि त्यांच्यामधोमध एका माणसाचा खुबा.

फोटो वाईट आहे. ठोकळ्यासाठी लावलेल्या मापावरच काढलेला, खरखरीत. पण डाग आहे. मोजला, एकतीस मिलिमीटर. आत्ताच्या फोटोत बत्तीस. एक मिलिमीटर म्हणजे मोजणाऱ्याच्या हाताचा फरक. नऊ वर्षांत तो वाढलेला नाही.

म्हणजे तेव्हाही तो माझ्या डोळ्यांसमोर होता. मी रेघ शोधत होते म्हणून तो दिसला नाही.

स्वतःशी प्रामाणिक राहायचं तर हेही लिहायला हवं की असल्या फोटोवरून निर्णय घेणं शास्त्राला धरून नाही. वाईट फोटो नसलेला बरा, कारण तो डॉक्टरांना खोटा विश्वास देतो. शिकाऊ मुलींना मी हेच शिकवते. शिवाय डाग तिथे आहे हे मला आधीच माहीत असल्यामुळे तो मला दिसला असेल. मॅडमना दाखवला तर त्या हेच म्हणतील.

मॅडम 'कसाही चालेल' म्हणाल्या होत्या.

१२ फेब्रुवारी

हाडांच्या डॉक्टरांकडे तिघं गेलो, तो, भावजय आणि मी. डॉक्टर तरुण, नीटस, घाईत नसलेले. म्हणाले, दुखणं नवं आहे, जुनं काही हाताशी नाही, तेव्हा हे वाढतंय की नाही कसं कळणार? आधी शिरेतून औषध देऊन सगळ्या सांगाड्याचं स्कॅन करू, मग ठरवू. कागद भरता भरता त्यांनी विचारलं, "या खुब्याचा पूर्वी कधी एक्स-रे काढला होता?"

भावाने माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाला, "नाही डॉक्टर. कधीच नाही."

विसरला बिचारा. नऊ वर्षं झाली, आणि सगळा मामला दहा मिनिटांचा. मला एकदम हलकं वाटलं आणि त्याची लाजही वाटली. दोन्ही लिहून ठेवते.

बाहेर बसची वाट बघताना तो म्हणाला, "नियमबाईंचं कामावर बरं चाललंय ना? कुणी त्रास तर देत नाही?" माझ्या कामाची चौकशी त्याने आजवर कधी केलेली नाही. भावजयीचं लक्ष दुसरीकडे वळवायला काहीतरी बोलत असावा. ती स्टॉपच्या बाकावर बसून खालमानेने पिशवीचा बंद सोडत होती आणि बांधत होती.

१७ फेब्रुवारी

स्कॅनमध्ये सगळा सांगाडा फिकट आणि उजवा खुबा शाई सांडल्यासारखा काळा. भावजयीने ते चित्र पाहिलं आणि खुर्ची धरली. मी तिला समजावलं की साधा डागही असाच काळा दिसतो, काळा म्हणजे वाईटच असं नाही. खरंच आहे ते. मॅडमनी अहवालात दोन्ही शक्यता लिहिल्या आहेत.

हाडांचे डॉक्टर म्हणतात, बायोप्सी करू. हाडाला लहानसं भोक पाडून आतला तुकडा तपासायला पाठवायचा.

संध्याकाळी मॅडमनी मला थांबवलं. "माझ्या मते हात लावू नये. तिथलं हाड आधीच नाजूक आहे, त्यात भोक कशाला? पण नुसत्या माझ्या म्हणण्यावर ते थांबणार नाहीत आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही थांबले नसते. नोकरीला लागताना, शाळेत, कुठेच काही काढलं नव्हतं?"

विचारून सांगते म्हणाले. कुणाला विचारणार होते?

२० फेब्रुवारी

आज सांगायचं ठरवलं. साडेअकराला मॅडमच्या दारापर्यंत गेले. आत खातेप्रमुख बसले होते, पुढच्या महिन्यातल्या तपासणीबद्दल बोलत होते. सगळ्या नोंदी चोख हव्यात, आपल्याकडे त्या बाई आहेत म्हणून काळजी नाही, असं म्हणत होते. त्या बाई म्हणजे मी. परत फिरले.

उद्या सांगेन.

दुपारी संगणकवाल्याचं पत्रक आलं. जागा कमी पडते म्हणून यंत्रचाचणीच्या जुन्या फायली ३१ मार्चला पुसल्या जाणार आहेत. ज्यांना हव्या असतील त्यांनी त्याआधी काढून घ्याव्यात. मला काहीच करावं लागणार नाही. हे वाक्य मनात आलं तेव्हा मी त्याच्याकडे दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं पाहिलं.

२१ फेब्रुवारी

मॅडम रजेवर.

२३ फेब्रुवारी

मॅडम आल्या. मी सांगितलं नाही. बायोप्सी उद्याच आहे आणि तयारी झालेली आहे. आयत्या वेळी गोंधळ झाला तर भावजय आणखी घाबरेल. शिवाय तुकडा तपासल्याने शंभर टक्के खात्री होईल. फोटोने कधीच होत नाही.

हे कारण मला पटतं का? पटतं. ते मी कधी शोधलं? आज सकाळी, जिना चढताना.

२४ फेब्रुवारी

बायोप्सी झाली. आत नेण्याआधी तो परिचारिकेला विचारत होता, काढलेला तुकडा परत बसवून देता का, त्याच्याकडे सुटे भाग नाहीत. ती हसली नाही. मग मलाच म्हणाला, "ही तुझ्या खात्यातली दिसते."

१ मार्च

अहवाल आला. फायब्रस डिसप्लेशिया. कॅन्सरचं नावही नाही.

भावजय दवाखान्याच्या जिन्यातच माझ्या गळ्यात पडली. "ताई, तुम्ही होतात म्हणून सगळं वेळच्या वेळी झालं." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

सगळं ठीक झालं, म्हणजे माझ्या न बोलण्याने कुणाचं काही बिघडलं नाही. हे वाक्य लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. खोटं तर नाही ना ते?

सहा आठवडे कुबड्या. पायावर भार द्यायचा नाही. मग शिडी. क्रेनवर तोवर एक बदली माणूस ठेवला आहे.

८ मार्च

त्याच्याकडे जाऊन आले. बैठकीच्या खोलीतल्या खिडकीतून त्याची क्रेन दिसते. खुर्ची तिथेच ओढून बसलेला. बदली माणसाला नावं ठेवत होता. बघ, कसा हिसके देतोय, बाळाला पाळण्यात ठेवतात तसं उतरवायला हवं ओझं. वरून त्याला सगळ्या गच्च्या दिसतात, कोण कपडे वाळत घालतं, कोण चोरून सिगारेट ओढतं, सगळं. खालून मात्र कुणालाच काही दिसत नाही म्हणाला, आणि त्याचंच त्याला हसू आलं.

१४ मार्च

मोडलं.

न्हाणीघरातून बाहेर येताना. पडलासुद्धा नाही. कुबड्या दोन्ही काखांत होत्या, दाराशी नुसता वळला. भावजय म्हणते, ओली काटकी मोडल्यासारखा आवाज आला.

त्याला आमच्याकडेच आणलं. फोटो मीच काढला. कामावर दुसरी होती, पण मीच काढला. तो पांढराफटक पडला होता, ओठ आत ओढलेले. मी नाव विचारलं. सवयीने विचारलं गेलं, मला थांबवता आलं नाही. तो डोळे मिटूनच म्हणाला, "आज कुठलं लिहितेस?"

वेदनेत माणूस काहीही बरळतो.

फोटोत रेघ आहे. ती बायोप्सीच्या भोकापासून निघते आणि मानेच्या आरपार जाते. कुणी पट्टी ठेवून ओढावी तशी सरळ. ही रेघ कुणालाही दिसली असती.

१६ मार्च

शस्त्रक्रिया चार तास चालली. आत सळई आणि तीन स्क्रू. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, जोडलं आहे, पण गोळ्याचा रक्तपुरवठा टिकेल की नाही ते वर्षभर सांगता येणार नाही. भावजयीने विचारलं, भोकामुळे मोडलं का? त्यांनी टाळलं नाही. म्हणाले, "हो, बहुधा. हा धोका आम्हाला माहीत होता. कॅन्सर असण्याचा धोका त्याहून मोठा वाटला. जुना काही पुरावा असता तर मी हात लावला नसता." चांगला माणूस आहे. दोन दिवस झोपला नसावा.

मी तिथेच होते. माझ्या हातात भावाची चप्पल होती.

२२ मार्च

कंपनीचा माणूस येऊन गेला. सळई असलेल्या माणसाला शिडी चढू देत नाहीत. खाली फाटकावर नोंदवहीचं काम देऊ म्हणाला. ठोकळ्याने त्याला विचारलं, फाटकावर बसून वर बघायला बंदी तर नाही ना. तो माणूस गेल्यावर मात्र त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि भावजय जेवण घेऊन आली तरी वळला नाही.

२५ मार्च

पत्रकाचं स्मरणपत्र आलं. सहा दिवस.

बोलून त्याचं हाड जुळणार नाही. माझी नोकरी जाईल, आणि त्याच्या घराला आता माझाच आधार आहे. सगळ्या बाजूंनी विचार केला तर गप्प राहण्यातच सगळ्यांचं हित आहे. मी सगळ्या बाजूंनी विचार केला आहे. एवढा विचार मी नेहमी करते, आणि निघतं ते नेहमी हेच.

२९ मार्च

सांगितलं. त्याला.

दुपारची वेळ होती, भावजय औषधं आणायला गेली होती. मी म्हटलं, तुझ्या खुब्याचा एक जुना फोटो आहे.

"माहीत आहे की," तो म्हणाला. "मी बोललो का कुणाला? डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही नाही बोललो. गेल्या वर्षी तुमच्याकडच्या त्या माणसाचं काय झालं ते तूच सांगितलं होतंस. तू काळजी करू नकोस."

तो विसरला नव्हता. रोज ज्या नावाने हाक मारून घेतो ते तो कसं विसरणार? हे मला दीड महिना कसं कळलं नाही, ते मला आत्ताही नीट सांगता येत नाही.

मग मी उरलेलं सांगितलं. मॅडम काय म्हणाल्या होत्या ते. जुना फोटो मिळाला असता तर विषय संपला असता, भोक पाडलंच नसतं. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं होतं, जुना फोटो म्हणजे फक्त माझी चूक.

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

"त्यात दिसत होतं?" त्याने विचारलं.

"हो."

"तेव्हाही?"

"तेव्हाही. एवढंच."

त्याने पांघरूण छातीपर्यंत ओढलं आणि नीट केलं. मग म्हणाला, "काही नाही झालेलं. जा."

शब्द माझेच होते. नऊ वर्षं त्याने ते जपून ठेवले होते, की सहज तोंडात आले? मी पिशवी उचलली आणि निघाले. जिन्यात भावजय भेटली. इतक्यात निघालात, म्हणाली.

३१ मार्च

सकाळी पावणेआठला खात्यात पोचले. संगणकवाला दहाला पुसायला घेणार होता.

यादी उघडली. ठोकळा, ठोकळा, ठोकळा. तो दिवस शोधला. फोटो भावाच्या खऱ्या नावावर वळवायचा हुकूम दिला. यंत्र अशा वेळी एक चौकट पुढे करतं, नाव बदलण्याचं कारण लिहा म्हणून. ते लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हा नियम मीच सुचवला होता, सहा वर्षांपूर्वी.

आधी 'नजरचूक' लिहिलं. पुसलं. 'घाईत चुकीची नोंद' लिहिलं. तेही पुसलं. मग लिहिलं: 'नाव मुद्दाम चुकीचं लिहिलं होतं. चिठ्ठी नव्हती. हा फोटो असल्याचं ५ फेब्रुवारीपासून मला माहीत होतं.' खाली माझं पूर्ण नाव आणि क्रमांक.

दोन्ही फोटो आपोआप शेजारी शेजारी येऊन बसले. डावीकडे नऊ वर्षांपूर्वीचा, खरखरीत. उजवीकडे फेब्रुवारीतला, स्वच्छ. तोच डाग, तीच कड. वाईट फोटोतही इतका उघड दिसतो की तिथे खरखर आहे हेच आधी लक्षात येत नाही. मॅडमच्या यादीत आज सकाळी हीच पहिली नोंद असेल. आठ वाजता त्या बसतात.

यातलं त्याच्यासाठी किती आणि मला हलकं वाटावं म्हणून किती, हे मला ठरवता येत नाही. त्याला विचारायला जायची हिंमत नाही. काल त्याने फोन उचलला नाही.

शेवटी यंत्राने विचारलं, रुग्णाचं नाव बरोबर आहे का? मी वाचलं. नियमाप्रमाणे पुन्हा एकदा वाचलं. मग हो म्हटलं.

बाहेर मॅडमच्या दाराला किल्ली लागल्याचा आवाज आला.